‘कोण?’ या प्रश्नाचे व्याकरण : इंग्रजी उद्देश्यप्रश्न आणि मराठी कर्ता

१

इंग्रजी भाषेत प्रश्न कसा करावा हे शिकविताना शालेय व्याकरणे एक सोपा नियम सांगतात. विधानात साहाय्यक क्रियापद असेल तर ते उद्देश्याच्या आधी आणावे, नसेल तर ‘डू’, ‘डज’ किंवा ‘डिड’ यांपैकी योग्य ते रूप उद्देश्याच्या आधी घालावे आणि मुख्य क्रियापद मूळ रूपात ठेवावे. ‘मीरा कॉल्ड राम’, म्हणजे ‘मीराने रामाला बोलावले’, या विधानातील रामाविषयी प्रश्न विचारावयाचा तर ‘हू डिड मीरा कॉल?’ असे म्हणावे लागते. पण याच विधानातील मीरेविषयी प्रश्न विचारावयाचा असेल, तर हा नियम एकाएकी थांबतो. तेथे ‘हू कॉल्ड राम?’ एवढेच म्हणावयाचे. ‘डिड’ नाही, क्रमपालट नाही, क्रियापदाच्या रूपात बदलही नाही. मीरेच्या जागी ‘हू’ ठेवले की प्रश्न तयार होतो.

विद्यार्थ्यांना हा अपवाद म्हणून शिकविला जातो आणि अपवाद म्हणूनच तो विसरला जातो. ‘हू डिड कॉल राम?’ अशी वाक्ये मग सर्रास लिहिली जातात. याच्या उलट बाजूची चूकही तितकीच परिचित आहे. ‘व्हॉट मीरा सेड?’ या वाक्यात ‘डिड’ हवे असून ते गाळलेले असते. एकाच विद्यार्थ्याच्या वहीत या दोन्ही चुका शेजारी शेजारी आढळल्या तर त्यात आश्चर्य नाही. पहिल्या चुकीत नियमाचा अतिरेक असतो, दुसरीत त्याचा अभाव असतो. दोन्हींचे मूळ मात्र एकच आहे, आणि ते म्हणजे इंग्रजी वाक्यातील उद्देश्य नेमके कोणते याविषयीचा संदेह.

हा संदेह केवळ अभ्यासाच्या उणिवेतून येत नाही. मराठी आणि इतर भारतीय भाषा ‘कर्ता’ या संकल्पनेची ज्या रीतीने मांडणी करतात तिच्याशी त्याचा निकटचा संबंध आहे. म्हणून प्रश्नरचनेचा हा लहानसा विषय भाषांतरमीमांसेच्या आणि तौलनिक अभ्यासाच्या दृष्टीनेही विचारात घेण्याजोगा ठरतो. प्रस्तुत लेखात प्रथम इंग्रजी उद्देश्यप्रश्नाचे स्वरूप पाहून नंतर मराठीतील ‘कोण’ आणि ‘काय’ यांच्या रूपांशी त्याची तुलना केली आहे.

२

उद्देश्यप्रश्न हा अपवाद नव्हे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. इंग्रजी प्रश्नरचनेत दोन क्रिया घडतात. प्रश्नवाचक पद वाक्याच्या आरंभी येते आणि कालवाचक क्रियापद उद्देश्याच्या आधी जाते. प्रश्न कर्माविषयी असेल तेव्हा या दोन्ही क्रिया स्पष्ट दिसतात. प्रश्न उद्देश्याविषयी असतो तेव्हा प्रश्नवाचक पद हेच उद्देश्य असते आणि उद्देश्याचे स्थान मुळातच वाक्यारंभी असते. त्यामुळे पदांचा क्रम बदललेला दिसत नाही.

नोम चॉम्स्की यांनी १९५७ साली प्रसिद्ध केलेल्या ‘सिंटॅक्टिक स्ट्रक्चर्स’ या ग्रंथात हीच गोष्ट वेगळ्या रीतीने मांडली आहे. त्यांच्या मांडणीनुसार हो-ना प्रश्नाच्या नियमाने कालवाचक अंश उद्देश्याच्या आधी जातो. मग प्रश्नपदाचा नियम ज्या नामाविषयी प्रश्न आहे ते नाम अग्रस्थानी आणतो. ते नाम उद्देश्यच असेल तर दुसरा नियम पहिल्याने केलेला क्रमपालट रद्द करतो आणि कालवाचक अंश पुन्हा मुख्य क्रियापदाला येऊन भिडतो. ‘डू’ची गरज केव्हा लागते, तर कालवाचक अंश क्रियापदापासून तुटून एकाकी पडतो तेव्हा. उद्देश्यप्रश्नात तो एकाकी पडतच नाही, म्हणून ‘डू’ येत नाही. पुढे १९८६ सालच्या ‘बॅरिअर्स’ या ग्रंथात चॉम्स्कींनी याहून सरळ शक्यता विचारात घेतली. उद्देश्यरूप प्रश्नपद आपल्या जागेवरून हलतच नसावे, अशी ती शक्यता होय. दोन मांडण्यांतील तांत्रिक भेद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट दोन्हींत समान आहे. उद्देश्यप्रश्नासाठी वेगळा नियम लागत नाही, सर्वसामान्य नियमच तेथे हे फळ देतात.

या स्पष्टीकरणाची कसोटी पुढील वाक्यांवर घेता येते. ‘हू डिड नॉट कम?’, म्हणजे ‘कोण आले नाही?’, हा उद्देश्यप्रश्न आहे आणि तरीही त्यात ‘डिड’ आहे. पण ते प्रश्नासाठी आलेले नसून नकारासाठी आलेले आहे. ‘मीरा डिड नॉट कम’ या साध्या विधानातही ते असतेच, आणि ‘हू’ने केवळ मीरेची जागा घेतलेली आहे. ‘हू कॉल्ड राम?’ या प्रश्नाचे संक्षिप्त उत्तर ‘मीरा डिड’ असे असते. प्रश्नात नसलेले ‘डिड’ उत्तरात प्रकटते, कारण तेथे कालवाचक अंशाला टेकण्यासाठी मुख्य क्रियापद उरलेले नसते. ‘हू डिड कॉल राम?’ हे वाक्यही सर्वस्वी अशक्य नाही. ‘मीराने बोलावले नाही, सीतेने बोलावले नाही, मग बोलावले तरी कोणी?’ अशा आग्रही प्रश्नात ‘डिड’वर जोर देऊन ते म्हणता येते. विद्यार्थ्याच्या वाक्यात हा जोर अभिप्रेत नसतो, आणि म्हणूनच ते चूक ठरते.

अप्रत्यक्ष प्रश्नात तर हा भेदच मावळतो. ‘आय नो हू कॉल्ड राम’ आणि ‘आय नो हू मीरा कॉल्ड’ या दोन्ही वाक्यांत ‘डिड’ नाही. गौणवाक्यात क्रियापदाचे स्थलांतर होत नसल्याने ‘डू’ला कामच उरत नाही. उलट दूरान्वयी प्रश्नात उद्देश्याचा प्रश्न असूनही ‘डू’ येते. ‘हू डू यू थिंक कॉल्ड राम?’, म्हणजे ‘रामाला कोणी बोलावले असे तुम्हांला वाटते?’ या प्रश्नातील ‘डू’ मुख्यवाक्यातील ‘यू’ या उद्देश्यासाठी आहे, ‘हू’साठी नव्हे. या रचनेत एक बारकावा आहे. कर्माविषयी प्रश्न असताना ‘थिंक’नंतर ‘दॅट’ हे अव्यय ठेवले तरी चालते, पण गौणवाक्याच्या उद्देश्याविषयी प्रश्न असेल तर बहुतेक इंग्रजी भाषकांना ‘दॅट’ खटकते. उद्देश्याचे स्थान हे इंग्रजी वाक्यात इतर स्थानांहून निराळे वागते, याचा हा आणखी एक पुरावा होय.

‘टु बी’ या क्रियापदाच्या वाक्यात विशेष सावध राहावे लागते. ‘हू आर यू?’ हा उद्देश्यप्रश्न नव्हे. तेथे ‘आर’ हे रूप ‘यू’शी जुळते, म्हणजे उद्देश्य ‘यू’ आहे आणि ‘हू’ने विधेयपूरकाची जागा घेतली आहे. ‘हू इज द प्रिन्सिपल?’ हे वाक्य मात्र दोन्ही प्रकारे लावता येते. जमलेल्या मंडळींपैकी प्राचार्यपदावर कोण आहे असेही विचारता येते आणि प्राचार्य ही व्यक्ती मुळात कोण आहे असेही विचारता येते. प्रत्यक्ष प्रश्नात हे दोन अर्थ एकाच क्रमात लपतात. अप्रत्यक्ष प्रश्नात ‘हू इज द प्रिन्सिपल’ आणि ‘हू द प्रिन्सिपल इज’ असे दोन क्रम वेगळे होऊन भेद उघड होतो.

३

इंग्रजीची ही व्यवस्था अनादी नाही. शेक्सपिअरच्या काळापर्यंत आणि त्यानंतरही काही काळ मुख्य क्रियापद उद्देश्याच्या आधी ठेवून ‘डू’शिवाय प्रश्न करण्याची रीत इंग्रजीत जिवंत होती. सोळाव्या शतकात ‘डू’युक्त प्रश्नांचा झपाट्याने प्रसार झाला. या प्रसाराचा विस्तृत संख्यात्मक अभ्यास स्वीडिश विद्वान आल्व्हार एलेगॉर्ड यांनी १९५३ साली प्रसिद्ध केला आणि पुढील अभ्यासकांनी त्याच सामग्रीचा पुनःपुन्हा आधार घेतला.

जर्मन भाषेत आजही ‘डू’सारखे साहाय्यक नाही. मुख्य क्रियापदच दुसऱ्या स्थानी येते आणि प्रश्न कर्त्याविषयी आहे की कर्माविषयी हे ‘वेर’ आणि ‘वेन’ या सर्वनामरूपांवरून कळते. डच भाषेत क्रियापदाचे स्थान जर्मनप्रमाणेच आहे, पण सर्वनामाचा विभक्तिभेद उरलेला नाही. त्यामुळे ‘योहानला कोणी पाहिले?’ आणि ‘योहानने कोणाला पाहिले?’ हे दोन्ही अर्थ डचमध्ये तीन शब्दांच्या एकाच वाक्यातून निघू शकतात, आणि निर्णय प्रसंगावर सोडावा लागतो. इंग्रजीतही ‘हूम’ हे कर्मरूप बोलीतून मागे पडत गेले आहे. तरी तेथे ही संदिग्धता निर्माण होत नाही, कारण कर्मप्रश्नात ‘डिड’ येते आणि उद्देश्यप्रश्नात येत नाही. आजच्या इंग्रजीत ‘डू’ची उपस्थिती आणि अनुपस्थिती विभक्तिप्रत्ययाचे काम करते, असे म्हणण्यास हरकत नाही.

मात्र या कामासाठीच ‘डू’ आले, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. एलेगॉर्ड यांच्या सामग्रीवरून असे दिसते की, होकारार्थी हो-ना प्रश्नांत ‘डू’ लवकर रुळले आणि कर्मविषयक ‘व्हॉट’च्या प्रश्नांत ते मागाहून स्थिरावले. संदिग्धता टाळणे हे मूळ कारण असते तर कर्मप्रश्नांनी त्याचा स्वीकार आधी करावयास हवा होता. कार्य आणि कारण यांतील हा फरक भाषेतिहासाच्या अभ्यासकाने नेहमीच सांभाळावा लागतो.

४

आता मराठीकडे वळता येईल. मराठीत प्रश्नासाठी वाक्याचा सांगाडा बदलत नाही. प्रश्नवाचक पद सामान्यतः ज्या नामाविषयी प्रश्न असतो त्याच्या जागी किंवा क्रियापदाच्या लगतपूर्वी येते. ‘रामाला कोणी बोलावले?’ आणि ‘मीराने कोणाला बोलावले?’ या वाक्यांतील भेद विभक्तीने दाखविला जातो. त्यासाठी साहाय्यक क्रियापदाची गरज पडत नाही. मराठी भाषकाला इंग्रजी उद्देश्यप्रश्न सोपा वाटावा, कारण त्यातही सांगाडा बदलत नाही. प्रत्यक्षात तसे घडत नाही. याचे कारण, उद्देश्यप्रश्न कसा करावा याआधी तो उद्देश्यप्रश्न आहे हे ओळखावे लागते, आणि ओळखण्याचे मराठीतील निकष इंग्रजीच्या निकषांशी जुळत नाहीत.

पुढील प्रश्न एकत्र ठेवून पाहावेत. ‘कोण येईल?’, ‘पत्र कोणी लिहिले?’, ‘कोणाला भूक लागली आहे?’, ‘पुस्तक कोणाजवळ आहे?’, ‘हे काम कोणाच्याने होईल?’, ‘चूक कोणाकडून झाली?’ या सहा प्रश्नांची स्वाभाविक इंग्रजी भाषांतरे केली तर सहाही ठिकाणी उद्देश्यस्थानी ‘हू’ येऊ शकते. मराठीत मात्र प्रश्नपदाची सहा निरनिराळी रूपे आहेत. प्रथमा, तृतीयेचे अर्थ दाखविणारी निरनिराळी रूपे, चतुर्थी आणि शब्दयोगी अव्यये यांच्यात मराठीने जे वाटून दिले आहे, ते इंग्रजीने एका स्थानात कोंबले आहे.

याच्या उलट दिशेने पाहिले तर अडचण अधिक गंभीर होते. ‘काय पडले?’, ‘मीराने काय वाचले?’, ‘तिला काय आवडते?’ या तीनही प्रश्नांत ‘काय’ प्रथमेत आहे आणि क्रियापद ‘काय’शीच जुळते. मराठीपुरते पाहता तिन्ही ठिकाणी त्याचे रूप आणि अन्वय सारखे आहेत. इंग्रजीत मात्र पहिला प्रश्न तेवढा उद्देश्यप्रश्न आहे : ‘व्हॉट फेल?’ दुसरा ‘व्हॉट डिड मीरा रीड?’ असा होतो आणि तिसरा ‘व्हॉट डज शी लाइक?’ असा. प्रथमा म्हणजे उद्देश्य असे समजणारा विद्यार्थी ‘व्हॉट लाइक्स हर?’ असे लिहितो. त्या वाक्यात व्याकरणदृष्ट्या काहीच वावगे नाही. पण त्याचा अर्थ ‘ती कोणत्या वस्तूला आवडते?’ असा विपरीत होतो. व्याकरणाची चूक वाचकाला निदान खटकते, अर्थाचा असा उलटापालट मात्र नजरेतून निसटूनही जातो.

मग क्रिया करणारा तो उद्देश्य, असे म्हणावे काय? तेही टिकत नाही. भूक लागणे, गाणे आवडणे, थंडी वाजणे, आठवण येणे या ठिकाणी कोणी काही करीत नाही. ज्याला अनुभव येतो तो मराठीत चतुर्थीत उभा असतो आणि भूक, गाणे, थंडी, आठवण यांचे क्रियापदाशी रूपसाम्य असते. इंग्रजीत त्याच अनुभवणाऱ्याला उद्देश्याच्या आसनावर बसविले जाते : ‘हू इज हंग्री?’, ‘हू लाइक्स दिस साँग?’, ‘हू रिमेंबर्स?’

५

या गोंधळात परिभाषेचाही वाटा आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांच्या १८३६ सालच्या ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ या ग्रंथापासून मराठी व्याकरणाने संस्कृत आणि इंग्रजी या दोन्ही परंपरांचे ऋण वागविले आहे. संस्कृत परंपरेतील ‘कर्ता’ ही कारकसंज्ञा आहे. पाणिनीच्या व्यवस्थेत क्रियेच्या बाबतीत जो स्वतंत्र असतो तो कर्ता, मग त्याची विभक्ती प्रथमा असो वा तृतीया. इंग्रजी व्याकरणातील ‘सब्जेक्ट’ ही संज्ञा वाक्यातील स्थान आणि क्रियापदाशी असलेले रूपसाम्य यांवर आधारलेली आहे. वाक्यपृथक्करणात तिच्यासाठी ‘उद्देश्य’ हा शब्द आला, पण शाळेच्या फळ्यावर ‘सब्जेक्ट म्हणजे कर्ता’ हेच समीकरण रूढ झाले. कर्तरी प्रयोगातील वाक्यांत हे समीकरण बहुधा निभावते. कर्मणी आणि भावे प्रयोगांत कर्ता आणि क्रियापद यांची फारकत होते आणि समीकरण निरुपयोगी ठरते.

मराठी प्रयोगविचार हा म्हणूनच आपल्या व्याकरणपरंपरेतील सर्वाधिक वादग्रस्त विषयांपैकी एक राहिला आहे. मोरो केशव दामले यांनी १९११ सालच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ या ग्रंथात त्याची सविस्तर चिकित्सा केली, आणि कृष्ण श्रीनिवास अर्जुनवाडकर यांच्या ‘मराठी व्याकरण : वाद आणि प्रवाद’ या १९८७ सालच्या पुस्तकाने जुन्या वादांचा नव्याने धांडोळा घेतला. भाषाविज्ञानाच्या बाजूने १९७६ साली मणींद्र वर्मा यांनी संपादित केलेला दक्षिण आशियाई भाषांतील उद्देश्यसंकल्पनेवरील लेखसंग्रह प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी एडवर्ड कीनन यांनी उद्देश्याची सार्वत्रिक व्याख्या करण्याचा प्रयत्न करताना, उद्देश्य हा एक गुण नसून अनेक गुणांचा समुच्चय आहे, असे प्रतिपादन केले. मराठीला हे प्रतिपादन विशेष लागू पडते. इंग्रजीत जे गुण एका नामात एकवटतात ते मराठीत दोन नामांत विभागले जातात. ‘मीराला गाणे आवडते’ या वाक्यात क्रियापदाची लगाम ‘गाणे’ या नामाच्या हाती आहे. पण ‘मीराला आपले गाणे आवडते’ असे म्हटले तर ‘आपले’ हे स्ववाचक सर्वनाम मीरेकडेच बोट दाखविते. स्ववाचकाचा असा संबंध हे उद्देश्याचे एक लक्षण मानले जाते.

ही केवळ मराठीची गोष्ट नव्हे. ‘भूक कोणाला लागली?’ या अर्थी हिंदीत ‘किसको’ किंवा ‘किसे’ म्हणतात, तमिळमध्ये ‘यारुक्कु’ हे चतुर्थीचे रूप येते, तर बंगालीत ‘कार’ हे षष्ठीचे रूप येते. अनुभवणाऱ्याला प्रथमेत न बसविण्याची ही प्रवृत्ती आर्य आणि द्राविड या दोन्ही कुलांत पसरलेली आहे. कॉलिन मॅसिका यांनी १९७६ साली भारताचे एक भाषिक क्षेत्र म्हणून जे विवेचन केले त्यात या रचनेला महत्त्वाचे स्थान दिले आहे. कर्मणी रचनेच्या बाबतीत मात्र या भाषा एकमेकींपासून दूर जातात. बंगालीत ‘कोण आले?’ आणि ‘पुस्तक कोणी वाचले?’ या दोन्ही ठिकाणी ‘के’ हेच रूप चालते. हिंदीत दुसऱ्या ठिकाणी ‘किसने’ म्हणावे लागते आणि उत्तरात ‘मैंने’ येते. मराठीत प्रश्न ‘कोणी’ने होतो, उत्तर तृतीय पुरुषी असेल तर ‘रामाने’ असे सप्रत्यय येते, पण उत्तर देणारा स्वतःविषयी सांगत असेल तर केवळ ‘मी’ म्हणतो. प्रश्न आणि उत्तर यांची रूपे जुळलीच पाहिजेत, या समजुतीला मराठी येथे छेद देते.

६

भाषांतरकाराच्या दृष्टीने या व्यवस्थेचे दोन परिणाम विशेष महत्त्वाचे आहेत.

पहिला परिणाम लिंगाचा. इंग्रजी ‘हू’ स्त्री की पुरुष हे सांगत नाही, आणि क्रियापदही सांगत नाही. ‘हू’ बहुधा एकवचनी क्रियापद घेत असल्याने वचनही उघड होत नाही. ‘हू वॉन्ट्स टी?’ या प्रश्नाला दहा जणांनी हात वर केले तरी प्रश्न एकवचनीच राहतो. मराठी कर्तरी प्रयोगात भूतकाळी क्रियापदाला लिंगवचन घ्यावेच लागते : ‘कोण आला?’, ‘कोण आली?’, ‘कोण आले?’ नपुंसकलिंगी ‘आले’ हे रूप अज्ञातासाठी उपयोगी पडते, पण तेच रूप पुल्लिंगी अनेकवचनाचेही असल्याने ‘आले आहे’ की ‘आले आहेत’ यावरून निर्णय होतो. रहस्यकथेचे भाषांतर करताना ‘दाराबाहेर कोण उभा होता?’ असे लिहिले की लेखकाने जपलेले गुपित भाषांतरकाराने अर्धे फोडलेले असते. कर्मणी प्रयोगात हा धोका नाही. ‘दार कोणी उघडले?’ यात क्रियापद दाराशी जुळते आणि उघडणाऱ्याचे लिंग झाकलेले राहते. ‘कोण येईल?’ या भविष्यकाळातही ते झाकलेले राहते. संदिग्धता राखणे आवश्यक असेल तेथे प्रयोगाची आणि काळाची निवड हे भाषांतरकाराच्या हातचे साधन आहे.

उलट दिशेनेही प्रश्न उभा राहतो. ‘काल कोण आली होती?’ या मराठी प्रश्नात विचारणाऱ्याला येणारी व्यक्ती स्त्री असल्याचे ठाऊक आहे, आणि त्याच्या स्वरात कदाचित संशयही आहे. ‘हू केम यस्टरडे?’ या भाषांतरात ते ज्ञान आणि तो संशय दोन्ही गळून पडतात. ते राखावयाचे तर ‘हू वॉज द वुमन हू केम यस्टरडे?’ असे काही लिहावे लागते. पण तसे केले की उद्देश्यप्रश्नाचा विधेयप्रश्न होतो. ‘कोण कोण आले?’ या द्विरुक्तीतून प्रत्येकाचे नाव मागितले जाते, तेही इंग्रजीच्या एका ‘हू’ने सांगता येत नाही. भारतीय इंग्रजीतील ‘हू ऑल केम?’ ही रचना याच उणिवेवरचा उपाय आहे. तिला केवळ अशुद्ध म्हणून बाजूला सारणे योग्य नव्हे.

दुसरा परिणाम ‘कोणी’ या रूपाचा. हे रूप प्रश्नवाचकाची तृतीया आहे आणि अनिश्चयवाचक सर्वनामही आहे. ‘दार कोणी उघडले?’ हा प्रश्न आहे, पण ‘कोणी आले’ हे विधान आहे. जुन्या लेखनात प्रश्नवाचक तृतीयेवर अनुस्वार असे, त्यामुळे डोळ्यांना तरी भेद कळत असे. १९६२ सालच्या लेखननियमांनी अनुच्चारित अनुस्वार वगळल्यानंतर ही खूण गेली. आता भेद संदर्भाने, विरामचिन्हाने आणि बहुधा पदाच्या स्थानाने कळतो. जुन्या संहितांचे संपादन करणाऱ्याने अनुस्वार काढण्यापूर्वी तो प्रश्नाचा होता की नाही हे पाहून घ्यावे, हे यातून ओघाने येते.

७

अध्यापनासाठी यातून एक सोपी पद्धत सुचविता येते. मराठी प्रश्नातील प्रश्नपदाची विभक्ती पाहून इंग्रजी प्रश्न करू नये. कर्ता कोण, असेही विचारू नये. प्रथम त्या प्रश्नाचे एक संभाव्य उत्तर पूर्ण इंग्रजी विधानात लिहावे. मग विचारलेला अंश खोडून तेथे रिकामी जागा ठेवावी. रिकामी जागा कालवाचक क्रियापदाच्या आधी, म्हणजे उद्देश्यस्थानी पडत असेल, तर तेथे ‘हू’, ‘व्हॉट’, ‘विच’, ‘हूज’ किंवा ‘हाऊ मेनी’ यांनी आरंभ होणारे योग्य पद घालून थांबावे. जागा अन्यत्र पडत असेल, तरच प्रश्नपद पुढे आणावे आणि साहाय्यक क्रियापद उद्देश्याच्या आधी न्यावे. ‘तिला काय आवडते?’ याचे उत्तर ‘शी लाइक्स म्यूझिक’ असे लिहिले की रिकामी जागा क्रियापदानंतर पडते आणि ‘डज’ आवश्यक ठरते. ‘हे गाणे कोणाला आवडते?’ याचे उत्तर ‘मीरा लाइक्स दिस साँग’ असे लिहिले की जागा आरंभी पडते आणि ‘हू लाइक्स दिस साँग?’ हा प्रश्न आपोआप तयार होतो. उत्तर आधी आणि प्रश्न नंतर, हा क्रम थोडा विचित्र वाटला तरी तो विद्यार्थ्याला मराठी विभक्तीच्या ओढीतून सोडवितो.

या पद्धतीचा फायदा परीक्षेपुरता मर्यादित नाही. विधान लिहिताना विद्यार्थ्याला हेही जाणवते की, ‘मीराला आवडते’ याचे ‘मीरा लाइक्स’ करताना केवळ शब्द बदलले नाहीत, मीरेचे वाक्यातील आसन बदलले. मराठीत आवड तिच्याकडे येते, इंग्रजीत ती आवडीची धनीण होते. भारतीय भाषांतील ललित कृती इंग्रजीत जातात तेव्हा भूक, भीती, आठवण, लाज आणि माया यांच्या असंख्य वाक्यांत हाच आसनबदल घडतो. ज्या पात्रावर जग आदळत असते ते पात्र भाषांतरात जगावर काही करताना दिसू लागते. इंग्रजीच्या व्याकरणाला ते अपरिहार्य आहे आणि त्याबद्दल भाषांतरकाराला दोष देता येणार नाही. पण भाषांतरावरून मूळ कृतीतील पात्रांच्या कर्तृत्वाविषयी अथवा निष्क्रियतेविषयी निष्कर्ष काढणाऱ्या समीक्षकाने तरी ‘हू’च्या मागे मूळ भाषेत कोणते रूप उभे आहे, कोण, कोणी की कोणाला, हे विचारून घेतले पाहिजे. तौलनिक अभ्यासात मूळ संहितेकडे जाण्याची गरज सिद्ध करण्यास एवढे एक सर्वनामही पुरेसे आहे.